लालबाग ते टाटा, येऊन-जाऊन

आमच्या चाळीत कुणी ‘टाटाला नेलंय’ म्हटलं की समोरचा माणूस गप्प व्हायचा. काय झालंय, कधीपासून, डॉक्टर काय म्हणाले, असलं पुढचं कुणी विचारायचं नाही. टाटा हे मोटारींचं, मिठाचं, पोलादाचंही नाव आहे हे मला बरंच नंतर कळलं. लालबाग-परळच्या मुलांना टाटा म्हणजे केईएमच्या बाजूचं ते हॉस्पिटल एवढंच माहीत होतं. अजूनही यवतमाळच्या किंवा सिंधुदुर्गातल्या एखाद्या गावात ‘टाटाला नेलंय’ म्हटलं की तोच अर्थ होतो.

१९८१च्या दिवाळीनंतर माझ्या धाकट्या बहिणीला टाटाला नेलं. ती पाच वर्षांची होती, मी दहा. आधी ताप जात नव्हता, मग पायांवर निळे डाग दिसायला लागले. आजाराचं नाव आईला कधी नीट उच्चारता आलं नाही; ती शेवटपर्यंत ‘रक्ताचं दुखणं’ म्हणायची. निदान झालं आणि दोनच महिन्यांनी, १८ जानेवारी १९८२ला, गिरणी संप सुरू झाला. बाबा साचे खात्यात होते. पगार थांबला, आणि पहिली काटछाट झाली ती बसच्या तिकिटाची. लालबागहून भारतमाता थिएटरवरून, परळ टीटीवरून टाटापर्यंत बाबा तिला खांद्यावर घेऊन चालत जायचे. शाळा नसेल तेव्हा मी पिशवी घेऊन मागे. मी रेंगाळले की बाबा न वळता म्हणायचे, “चल गो बाय, पाय उचल.” धाकटी खांद्यावरून माझ्याकडे बघून हसायची, कारण तिला पाय उचलायला लागत नसत.

गेल्या वर्षी मी ते अंतर फोनच्या नकाशावर मोजलं. एका बाजूने साधारण पावणेदोन किलोमीटर, म्हणजे येऊन-जाऊन साडेतीन. बारा फेऱ्या झाल्या की एक मॅरेथॉन होते. आठवड्याला दोन फेऱ्या धरल्या, तर सोळा महिन्यांत बाबांनी अकरा-बारा मॅरेथॉन केल्या, खांद्यावर मूल घेऊन, पायांत चपला. मार्च १९८३मध्ये त्या फेऱ्या थांबल्या.

हा हिशोब मी बाबांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, “ह्याला कोण मॅरेथॉन म्हणतं? ते जाणं होतं.”

बरोबरच आहे. पण परळचा आणि धावण्याचा संबंध मी ओढूनताणून लावते आहे असं वाचकांना वाटत असेल, तर जरा थांबा. हा संबंध शंभर वर्षांपूर्वीचा आहे, आणि मला तो सापडला तो मॅरेथॉनच्या तयारीत काहीबाही वाचताना.

जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव दोराबजी खेळवेडे होते. केंब्रिजला शिकताना क्रिकेट, टेनिस, नाव वल्हवणं, सगळं करून आलेले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्यांना अध्यक्ष केलं आणि तिथल्या क्रीडास्पर्धांत त्यांनी एक दृश्य पाहिलं, जे पुढे ते पत्रांतून सांगत राहिले. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेली बहुतेक मुलं शेतकऱ्यांची होती, अनवाणी होती, त्यांना शर्यतीचे नियम माहीत नव्हते, कुणी कधी शिकवलं नव्हतं. आणि तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जात होत्या. दोराबजींनी ठरवलं की ही मुलं ऑलिंपिकला गेली पाहिजेत. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्यामार्फत परवानगीची खटपट झाली, खर्चाचा मोठा वाटा त्यांनी स्वतः उचलला आणि १९२०मध्ये एक लहानसा चमू मुंबईहून बोटीने बेल्जियममधल्या अँटवर्पला निघाला.

त्यांत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. २२ ऑगस्ट १९२०ला अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले, २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत. आजच्या मोजमापाने ही वेळ खास वाटणार नाही, पण अँटवर्पचं अंतर नेहमीच्या मॅरेथॉनपेक्षाही अर्ध्या किलोमीटरहून जास्त होतं, आणि हा माणूस परदेशी हवेत, परक्या अन्नावर धावला होता. माझी स्वतःची सगळ्यांत चांगली वेळ अर्ध्या मॅरेथॉनची आहे, आणि ती चौगुल्यांच्या पूर्ण मॅरेथॉनच्या वेळेपासून फार दूर नाही, एवढं सांगून हा विषय मी सोडते. बेळगावात आणि पुण्यात त्यांचं नाव अजून घेतात. मुंबईत मात्र दरवर्षी हजारो लोक धावतात त्यांतल्या किती जणांना ते ठाऊक असेल, मला शंका आहे.

दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई. त्याही खेळाडू. पारशी पद्धतीने साडी नेसून टेनिस खेळायच्या आणि साठाहून अधिक बक्षिसं त्यांनी मिळवली होती. बालविवाहाविरुद्धच्या कायद्यासाठी त्या झटल्या. नवऱ्याने त्यांच्यासाठी ज्युबिली नावाचा २४५ कॅरटचा हिरा घेतला होता. १९२४मध्ये पोलाद कंपनी बुडायला आली, कामगारांचे पगार थांबायची वेळ आली, तेव्हा दोघांनी आपली खाजगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली, त्यात हा हिराही होता. ती गोष्ट हल्ली व्यवस्थापनाच्या भाषणांत फार वापरून गुळगुळीत झाली आहे. त्या हिऱ्याचं पुढे काय झालं ते मात्र त्या भाषणांत बहुधा येत नाही.

१८ जून १९३१ला मेहेरबाई वेल्समधल्या एका रुग्णालयात वारल्या. वय ५१. आजार ल्युकेमिया, म्हणजे माझ्या आईचं ‘रक्ताचं दुखणं’. तेव्हा जगातल्या कुठल्याच डॉक्टरकडे त्यावर औषध नव्हतं, आणि पैशाने ते मिळवता आलं असतं तर दोराबजींनी मिळवलं असतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. पुढच्या वर्षभरात त्यांनी दोन विश्वस्त संस्था उभ्या केल्या. एक पत्नीच्या नावाने, मुख्यतः ल्युकेमियाच्या संशोधनासाठी. तिची मदत जगातल्या कुठल्याही देशातल्या संशोधकाला मिळू शकते. दुसरी स्वतःच्या नावाने, तिच्यात आपली सगळी संपत्ती घातली, अगदी मोत्याच्या टायपिनपर्यंत. मग १९३२च्या वसंतात ते पत्नीच्या समाधीचं दर्शन घ्यायला युरोपला निघाले आणि वाटेत, जर्मनीतल्या बाड किसिंगेन गावी, ३ जूनला वारले. तिच्यामागे एक वर्षही पुरं झालं नव्हतं. इंग्लंडमधल्या ब्रुकवुडच्या दफनभूमीत दोघं शेजारीशेजारी आहेत.

तो ज्युबिली हिरा नंतर विकला गेला आणि पैसे या विश्वस्त निधीत आले. निधीच्या पैशांतून २८ फेब्रुवारी १९४१ला परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं, ८० खाटांचं. आज तिथे ६००हून अधिक खाटा आहेत, आणि तरी पुरत नाहीत हे परळच्या फूटपाथवरून चालणाऱ्या कुणालाही दिसतं. परळच का, याचं उत्तर त्या भागाच्या आधीच्या दुःखात आहे. १८९६च्या प्लेगनंतर परळचा गव्हर्नरचा जुना बंगला हाफकिनसाहेबांच्या प्रयोगशाळेला मिळाला, १९२६ला केईएम आलं, मग मुलांसाठीचं वाडिया. गिरण्यांच्या चिमण्या आणि हॉस्पिटलांच्या खिडक्या, दोन्ही एकमेकांकडे बघत वाढल्या. १९६२मध्ये टाटा मेमोरियल सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे गेलं. त्या खात्याचे प्रमुख होमी भाभा, म्हणजे मेहेरबाईंच्या भावाचा मुलगा. आत्याच्या आजारातून उभं राहिलेलं हॉस्पिटल भाच्याच्या खात्याकडे आलं. मुंबई कधीकधी फार लहान गाव असते.

म्हणजे आपल्याकडून ऑलिंपिकला पहिले मॅरेथॉन धावपटू पाठवणारा माणूस आणि परळचं टाटा ज्याच्या दुःखातून उभं राहिलं तो माणूस, एकच. या दोन गोष्टींत कार्यकारण नाही, मला माहीत आहे. मला त्यातली वेगळीच गोष्ट लागून राहिली. दोराबजींनी जे केलं त्याचा मेहेरबाईंना कणभरही उपयोग नव्हता. त्या गेल्या होत्या. दहा वर्षांनी परळला आलेल्या कुणा अनोळखी माणसाला उपयोग होता.

आता समुद्रापार. १९७७मध्ये कॅनडातल्या टेरी फॉक्स नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाचा उजवा पाय हाडाच्या कर्करोगामुळे गुडघ्याच्या वरून कापावा लागला. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याने एका मासिकात वाचलं की एक पाय नसलेला माणूस न्यूयॉर्कची मॅरेथॉन धावला. डॉक्टरांनी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली: दोन वर्षांपूर्वी तुझ्या जगण्याची शक्यता १५ टक्के असती, आता ५० टक्के आहे, मधल्या संशोधनामुळे. हा आकडा त्याच्या डोक्यात बसला. आपण ज्यावर जगतो आहोत ते आपल्याआधी मेलेल्यांच्या काळात कुणीतरी केलेल्या कामामुळे, हे त्याला समजलं. आणि उपचारांच्या वेळी वॉर्डात पाहिलेली लहान मुलं त्याला विसरता येईनात.

१२ एप्रिल १९८०ला तो कॅनडाच्या पूर्व टोकाहून कृत्रिम पायावर धावायला निघाला, रोज जवळजवळ एक मॅरेथॉन. त्या धावण्याचं नाव त्याने ‘मॅरेथॉन ऑफ होप’ ठेवलं. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले आणि १ सप्टेंबरला तो थांबला, कारण कर्करोग फुफ्फुसांत पोचला होता. पुढच्या जूनमध्ये तो गेला, तेविसावा वाढदिवस महिन्यावर आला असताना. देशातल्या प्रत्येक माणसामागे एक डॉलर जमावा अशी त्याची इच्छा होती. तो जिवंत असतानाच, फेब्रुवारी १९८१मध्ये, तेवढी रक्कम पुरी झाली. त्याने कुठल्याही कंपनीची जाहिरात अंगावर घ्यायला नकार दिला होता. त्याच्या नावाने जगभर होणाऱ्या धावांत आजही क्रमांक नसतात, बक्षिसं नसतात. अशी टेरी फॉक्स रन मुंबईतही होत आली आहे, आणि तिचा निधी जातो टाटा मेमोरियलमधल्या संशोधनाकडे.

त्या संशोधनाचा एक तुकडा माझ्या घराशी जोडलेला आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगते.

त्या काळात टाटामध्ये डॉ. सुरेश अडवाणी होते. आठव्या वर्षी पोलिओ झाल्यामुळे ते चाकाच्या खुर्चीतून काम करायचे. परदेशात जाऊन ते अस्थिमज्जा रोपण शिकून आले आणि १९८३मध्ये टाटात त्यांनी एका लहान मुलीवर देशातलं पहिलं यशस्वी रोपण केलं. १९८३ हे धाकटीचं शेवटचं वर्ष. तिचा आजार वेगळ्या प्रकारचा होता, ते रोपण तिच्यासाठी नव्हतंच, तरी ही तारीख वाचताना माझी नजर अडखळते. पण खरं अडखळायला होतं ते पुढच्या ओळीशी. १९८४पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने टाटात मुलांच्या तीव्र ल्युकेमियासाठी औषधांचा नवा क्रम वापरायला सुरुवात झाली. एमसीपी-८४१ हे त्याचं नाव. औषधं बहुतेक जुनीच होती, पण कुठलं कधी, किती, कशानंतर, हे बांधून दिलेलं होतं, आणि आपल्या हॉस्पिटलांना झेपेल असं होतं. चेन्नई आणि दिल्लीतही तोच क्रम वापरला गेला. त्याआधी अशा पाच मुलांपैकी एखादंच मूल पुढे जगत असे. नव्या क्रमाने हे प्रमाण पाचात दोनापर्यंत, पुढे त्याहूनही वर गेलं.

१९८३चा मार्च आणि १९८४ यांत फार अंतर नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वय वर्षं ४६, दोन मुलांची आई, बँकेतली नोकरी, आणि गिरगावातल्या घराच्या गॅलरीत बसून मी तासभर कुणाशी बोलले नाही. राग कुणाचा करायचा? कुणाचीच चूक नव्हती. डॉक्टरांनी तेव्हा माहीत होतं ते सगळं केलं होतं. फक्त धाकटी लवकर आजारी पडली होती. दोन वर्षं उशिरा पडायला हवी होती.

मी धावायला लागले त्याचं कारण मात्र इतकं उदात्त नाही. साखर वाढली होती. लग्न होऊन गिरगावात आल्यापासून चौपाटी दहा मिनिटांवर, पण पंचवीस वर्षांत तिथे मी गेले ती विसर्जनाला नाहीतर पाहुण्यांना भेळ खायला घालायला. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, चालता चालता सोबतच्या बायका धावायला लागल्या म्हणून मीही. पहिली काही वर्षं मी फक्त माझ्या साखरेसाठी धावले. धर्मादाय वगैरे डोक्यात नव्हतं. उलट मुंबई मॅरेथॉनमधल्या सहा किलोमीटरच्या ड्रीम रनकडे बघून मी नाक मुरडायची. तिथे कुणी झाड होऊन येतं, कुणी गांधीजी होऊन, हातात फलक, दर पन्नास पावलांवर फोटो. कंपन्यांचे टी-शर्ट इतके, की कुठल्या कारणासाठी धावताहेत ते लोगोच्या गर्दीत शोधावं लागतं. टेरी फॉक्सला हे आवडलं नसतं असं मला अजूनही वाटतं.

तरी त्यामागचा हिशोब समजून घेतला की नाक जरा सरळ होतं. पैसे गोळा करण्यासाठी मॅरेथॉन धावण्याची रीत १९८०च्या दशकात जोर धरू लागली. १९८१मध्ये लंडनची मॅरेथॉन सुरू झाली, आणि तिथे बघताबघता धर्मादाय धावपटूंची गर्दी झाली. १९८८मध्ये न्यूयॉर्कजवळच्या ब्रूस क्लीलंड नावाच्या गृहस्थाने, मुलीला ल्युकेमिया झाला म्हणून, ३८ जणांना जमवून न्यूयॉर्कची मॅरेथॉन धावायला लावलं आणि ल्युकेमियाच्या कामासाठी ३,२२,००० डॉलर उभे केले. पुन्हा ल्युकेमिया. त्याची मुलगी वाचली. मुंबईची मॅरेथॉन त्यामानाने उशिरा आली, १५ फेब्रुवारी २००४ला. २००९पासून युनायटेड वे मुंबई ही संस्था तिच्या देणग्यांचं काम बघते आणि शेकडो संस्था त्यातून निधी उभा करतात. चॅरिटी बिब म्हणजे साध्या प्रवेशापेक्षा बरीच जास्त किंमत देऊन एखाद्या संस्थेमार्फत घेतलेला धावक्रमांक. त्यापुढे तुमच्या नावाचं एक पान तयार होतं आणि तुम्ही ओळखीपाळखीच्या सगळ्यांकडे पैसे मागत सुटता.

२००९ची मॅरेथॉन मी धावले नाही, पण पाहिली. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याला ५३ दिवस झाले होते. सुरुवात होती सीएसटीपासून, जिथे फलाटावर माणसं मारली गेली होती. मार्ग मरीन ड्राइव्हवरून, जिथे चौपाटीच्या तोंडाशी सातारा जिल्ह्यातल्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे यांनी बंदुकीची नळी हातात धरून ठेवली होती. आता तिथे त्यांचा पुतळा आहे. तेव्हा तिथे फक्त फुलं होती. सकाळी आम्ही गिरगावातल्या काही जणी संत्र्याच्या फोडी घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो. मुंबईच्या ‘स्पिरिट’बद्दल तेव्हा खूप छापून यायचं आणि त्याचा मला वीट आला होता; लोकांना कामावर जावंच लागतं, त्याला धैर्य म्हणण्यात लबाडी असते. पण रविवारी पहाटे मॅरेथॉन धावायला कुणाला जावंच लागत नाही. एवढा फरक मी तेव्हाही मान्य केला. संध्याकाळी लालबागला गेले तर बाबा म्हणाले, “आज १८ जानेवारी. संपाला २७ वर्षं झाली.” त्यांच्या कॅलेंडरात त्या तारखेला दुसरं काही बसत नाही.

एमसीपी-८४१बद्दल वाचलं त्यानंतरच्या हिवाळ्यात मी चॅरिटी बिब घेतला, कर्करोग झालेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचा. उपचारासाठी बाहेरगावाहून आलेल्या मुलांना आणि आईबापांना राहायला जागा, हे अशा संस्थांचं मोठं काम. आम्ही निदान लालबागला राहत होतो. बाबा चालत घरी येऊ शकत होते. चंद्रपूरहून आलेला बाप कुठे जाणार? गाडगेबाबांनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळांचा ध्यास घेतला त्याला किती वर्षं झाली, आणि दादरची त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही अशाच कुटुंबांनी भरलेली असते. औषधाचा क्रम बांधून दिला तरी तो दोन-तीन वर्षं चालतो, आणि राहायला जागा नाही म्हणून मध्येच गावी निघून गेलेलं मूल त्या पाचांतल्या वाचलेल्यांत धरता येत नाही. आशा म्हणतात ती बऱ्याचदा एका खोलीच्या भाड्यावर अडलेली असते.

धावणं सोपं होतं. मागणं जड गेलं. नणंदेला, बँकेतल्या जुन्या सहकाऱ्यांना, मुलाच्या मित्रांना दुवा पाठवताना बोट अडायचं. आणि मग आठवलं की मी हे आधीही केलं होतं. १९९३च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. लालबागची अर्धी माणसं अजून गिरगाव चौपाटीवरून परतायची होती, पायांना वाळू, केसांत गुलाल, आणि रेडिओवर बातमी. दोन दिवसांनी आमच्या मंडळाच्या मुलांनी मदतफेरी काढली. जुनी चादर चार कोपऱ्यांनी धरायची आणि चाळीचाळीखालून हाका देत जायचं. वरून नाणी, नोटा, कधी साडी, कधी चादरीतच पडलेली भाकरीची चवड. मी एक कोपरा धरला होता. तेव्हा बोट अडलं नव्हतं, कारण चौघं मिळून मागत होतो.

आणि त्याहीआधी चादर आमच्याच दारात रिकामी झाली होती. १९८२च्या गणपतीत मंडळाने रोषणाई कमी केली आणि उरलेले पैसे बाबांच्या हातात ठेवले. ज्यांनी ठेवले त्यांचेही पगार बंद होते. शिवाय मजल्यावरच्या घराघरांतून सुटी मदत आली, पाच, दहा, वीस. बाबांनी ती मदत म्हणून घेतली नाही, उसनी म्हणून घेतली, आणि वहीत लिहून ठेवली. संप कधी मिटलाच नाही. बाबा पुढे एका गोदामात रखवालदार झाले, आणि वहीतल्या एकेका नावावर रेघ मारत त्यांना एकोणीस वर्षं लागली. मंडळाचे पैसेही त्यांनी फेडले, वर्गणीत घालून, कुणाला न सांगता.

पहिल्या वर्षी मी बिब दाखवायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, “धावून काय होतं? द्यायचे ते सरळ द्यावेत.” माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. अजून नाही. एवढंच सांगितलं की मी एकटीने दिले असते तर पाच हजार दिले असते, आणि मागितले म्हणून लाखाच्या वर गेले. ते म्हणाले, “मग मागण्यासाठी धावतेस असं म्हण.”

२०१९च्या जानेवारीत मी अर्धी मॅरेथॉन धावले. सी-लिंकवर अंधारात वारा होता. पेडर रोडच्या चढावर बहुतेक जणी चालायला लागतात, मीही लागले. हा सगळा मार्ग समुद्राच्या कडेकडेने जातो, परळपासून दोन किलोमीटर तरी लांबून, आणि परळला त्याचा पत्ताही नसतो. चढावर एक मुलगा शेजारून गेला, त्याच्या पाठीवर एका माणसाचा फोटो आणि दोन सालं छापलेली होती. असे पुष्कळ दिसतात. कुणी कुणाला विचारत नाही, ‘टाटाला नेलंय’सारखंच. माझ्या पाठीवर काही नव्हतं. धाकटीचा एकच फोटो आहे आणि तो आईच्या ट्रंकेतून निघाला तेव्हा चेहऱ्याचा भाग पुसट झाला होता. मरीन ड्राइव्हला लागल्यावर पाय दुखायचे थांबतात असं लोक म्हणतात. माझे थांबले नाहीत. मनात मी आपलं म्हणत होते, चल गो बाय, पाय उचल.

कोविडमुळे मध्ये दोन वर्षं खंड पडला, २०२३च्या जानेवारीत मॅरेथॉन परत सुरू झाली. बाबा आता ८६ वर्षांचे आहेत. चाळ पाडून टॉवर झाला, त्यात त्यांना तेराव्या मजल्यावर खोली मिळाली. खिडकीतून बंद गिरणीची एक चिमणी दिसते. वही अजून आहे. तिच्यात एकच नाव रेघ न मारलेलं राहिलं. आमच्या डाव्या बाजूच्या खोलीतली विधवा बाई, तिने चाळीस रुपये दिले होते. संपानंतर ती मुलाला घेऊन गावी निघून गेली. बाबांनी दोनदा तिच्या गावी पत्र टाकलं, एकदा स्वतः जाऊन आले. तिथे ते कुटुंब नव्हतं.

दर डिसेंबरात बाबा मला चाळीस रुपये देतात, दहाच्या चार नोटा. माझ्या पानावर देणगीची किमान रक्कम त्याहून जास्त आहे, म्हणून वरचे मी घालते. नावाच्या रकान्यात त्या बाईंचं नाव लिहिते, आणि पावती फोनवर आली की बाबा ती मला मोठ्याने वाचायला सांगतात.